बिल पाहिजे का, साहेब?

'मूल्य' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला, दुसरा पुस्तकाच्या मागे छापलेला: मूल्य २५० रुपये. माझ्या मते दुसराच कामाचा. ज्याच्यासाठी खिशातून काही गेलं नाही, त्याला आपण फार तर आवड म्हणू.

घोडबंदर रोडला नव्या फ्लॅटची चावी मिळाली की महिन्याभरात हा हिशेब समोर येतो. इंटिरियरवाला दोन लाखांचं कोटेशन काढतो आणि पेन खाली ठेवून विचारतो, "बिल पाहिजे का, साहेब?" बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,००० रुपये. प्रामाणिकपणाचा त्या दिवसाचा भाव ३६,०००. बहुतेकांना हा प्रश्न तिथे, कोटेशन हातात असताना पहिल्यांदा पडतो. मग उत्तर ठरतं ते खात्यात किती उरलेत यावर. उपाय अगदी कारकुनी आहे: बजेट पहिल्यापासून टॅक्ससकट धरायचं. एकूण दोनच लाख घालायचे असतील तर काम १ लाख ६९ हजारांच्या आत बसवायचं, एखादा लॉफ्ट कमी करायचा. प्रश्न येईल तेव्हा पैसे आधीच बाजूला असतात.

"तुमची मूल्यं कोणती?" असं विचारलं की सगळे एकच पाढा म्हणतात: कुटुंब, प्रामाणिकपणा, आरोग्य. असल्या यादीला नाही कोण म्हणेल? शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली, ती वर्तुळात. शेजारची मूल्यं एकमेकांना सांभाळून घेतात, समोरासमोरची भांडतात. सत्ता आणि यश एकीकडे, तर इतरांचं भलं पलीकडे. सुरक्षिततेच्या समोर स्वतःच्या मर्जीने जगणं. म्हणून मूल्यं सुटी न विचारता जोडीने विचारावीत. पाच मूल्यं लिहा, त्यांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत एकच निवडायचं, "दोन्ही" लिहायला बंदी. ज्याला जास्त खुणा ते वर. वीस मिनिटांचं काम आहे. नवरा-बायकोने मात्र वेगळ्या कागदांवर करावं, नाहीतर एक जण सांगतो आणि दुसरा मान डोलावतो.

सुरक्षितता की मर्जी, ही जोडी आपल्याकडे टू-बीएचके की थ्री-बीएचके या प्रश्नात लपलेली असते. एका जादा खोलीचे २० लाख जास्त धरा. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी कर्ज काढलं तर फक्त त्या खोलीचा हप्ता साधारण १७,३५० रुपये. २४० महिन्यांत साडेएकेचाळीस लाखांवर जातात. खोली घेऊ नका असं म्हणत नाही. आई-वडील कायमचे राहायला येणार असतील तर ती खोली हेच मूल्य. पण नको झालेली नोकरी सोडायची मुभा त्या हप्त्यात गेली, हे सही करताना माहीत असावं. खारघर असो की कासारवडवली, कागद आधी झाला नसेल तर सॅम्पल फ्लॅटमधला सोफाच निर्णय घेतो.

कागदावरचं खरं की नाही हे पाहायला तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. इथे ठरलेल्या चुका होतात. यूपीआयमध्ये दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव येतं आणि महिन्याभराने काही आठवत नाही, तेव्हा नोंद दर रविवारी करावी. गणपती-दिवाळीचा महिना एकटाच धरला तर चित्र फुगतं. विमा आणि शाळेची फी बाराने भागून घ्या. हप्ता "तो तर द्यावाच लागतो" म्हणून वगळू नका, सगळ्यात मोठं मत तिथेच पडलेलं असतं.

वेळेबद्दल मात्र स्टेटमेंट काही सांगत नाही. १९७३ साली डार्ली आणि बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषयच वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेले ४५ टक्के, उशीर झालाय असं सांगितलेले फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने ठळक फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

ठाणे स्टेशनचा पूल सकाळी याहून वेगळा नसतो. तिथले लोक दुष्ट आहेत असं मला वाटत नाही, त्यांच्याकडे चार मिनिटं नाहीत. म्हणून "मी माणुसकी जपेन" या वाक्याचा सकाळी साडेआठला उपयोग नाही. गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने जर-तरची योजना मांडली आहे, ती इथे चालते: वेळ, जागा आणि कृती आधीच ठरवायची. असे नियम तीनच्या वर नेऊ नका, चौथा आठवत नाही. आणि ते स्वतःसाठी करा. मुलांसाठी केलेले नियम मुलं आपल्यावरच उलटवतात.

पुलाचा नियम असा लिहिता येईल: घरातून दहा मिनिटं आधी निघायचं. जर पुलावर कोणी भोवळ येऊन बसलेलं दिसलं, तर कडेला थांबून रेल्वेचा मदत क्रमांक १३९ लावायचा, कोणी येईपर्यंत तिथेच राहायचं. ठरलेली फास्ट गेली तर मागची पकडायची, आणि ऑफिसात काय सांगायचं तेही आदल्या रात्री ठरवून ठेवायचं.