‘आपल्यातलेच पाहिजेत’

सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिएटलच्या भाच्याचा हा एवढा मेसेज. तिकडच्या हॉटेलात मागून आलेल्या गोऱ्यांना टेबल मिळालं, याला उभं ठेवलं. पुढे व्हाइट प्रिव्हिलेज, सिस्टिमिक रेसिझम, पीपल ऑफ कलर, सगळं. पोराला लागलं असणारच, मलाही वाईट वाटलं. ग्रुपवर बदामांचा पाऊस.

दुपारी त्याच ग्रुपवर आत्याचा मेसेज. जुळे सोलापुरातला वरचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, ‘आपल्यातलेच पाहिजेत’. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असेल, तरी पहिला अंगठा भाच्याचा!

तेव्हापासून डोकं फिरलंय.

प्रिव्हिलेजला मराठी शब्द काय, यावर काथ्याकूट चालतो. विशेषाधिकार म्हणावं तर आमदारांचा हक्कभंग आठवतो. अहो, शब्द आहे की घरातच. ‘आपल्यातले’.

1994 साली मी आणि माझा मित्र कसब्यात खोली बघायला गेलो होतो. दोघांत एक, भाडं तीनशे. काकूंनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं. ‘म्हणजे आपल्यातलेच की,’ म्हणाल्या आणि चहा टाकायला निघाल्या. मग मित्राकडे बघून, ‘आणि हे?’ तो म्हणाला, सेटलमेंटात राहतो. काकू आत गेल्या त्या चहाशिवायच बाहेर आल्या. खोली एकालाच द्यायची ठरलीय म्हणे.

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, ती सेटलमेंट. मित्राच्या आजोबांनी तिथे हजेरी दिलेली. 1952 ला तो कायदा गेला, ‘गुन्हेगार’ जाऊन ‘विमुक्त’ आलं. शब्द बदलून काहीच होत नाही असं म्हणत नाही मी. त्या एका शब्दाने मान वर झाली, हे मित्रच सांगतो. पण काकूंना त्या दिवशी सेटलमेंटच ऐकू आलं.

आणि अमेरिकेचं म्हणाल तर ते काही आपल्याला नवं नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिकडच्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये तिकडचे कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 साली मुंबईत पोरांनी तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर नाव घेतलं. ही माणसं तिकडचं बघून इकडच्या माणसाला जाब विचारत होती. आमच्या भाच्याचा शब्द मात्र विमानातून उतरतच नाही. 2023 मध्ये त्याच्याच सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हा हाच पठ्ठ्या ग्रुपवर लिहीत होता, ‘उगाच आपली बदनामी.’ आपली म्हणजे कोणाची रे बाबा?

जाऊ दे. त्याला तरी किती बोलू. हॉटेलात तो एकटाच उभा होता, तिथे त्याला ‘आपल्यातला’ म्हणणारं कोणी नव्हतं. ते दुखणं खोटं नाही.

आणि मी कोण मोठा लागून गेलो? ती खोली मी घेतली. एकट्याने. ‘नको मला तुमची खोली’ एवढं तोंडातून निघालं नाही. दोन वर्षं काकूंच्या हातची शेंगाचटणी चवीने खाल्ली. माझी ट्रंक सायकलवर घालून कोणी आणली? त्यानेच. जिन्यावरून वरही त्यानेच चढवली, आणि काकू खालून म्हणत होत्या, भिंतीला लावू नका हो.

मघाशी ग्रुपवर विचारलं, ‘आत्या, आपल्यातले म्हणजे नक्की कोण?’ एकोणीस जणांनी वाचलंय. उत्तर एकाचंही नाही.

हे टाकण्याआधी मित्राला फोन केला, लिहू का म्हणून विचारायला. म्हटलं, ती खोली आठवते का? तो हसला.

‘खोलीचं राहू दे बे. ट्रंक लै जड होती तुझी.’