पात्र गरीब व्हायचंय? मग ७१व्या दिवशी आजारी पडा

गरीब असणं वेगळं आणि पात्र गरीब असणं वेगळं. पहिलं कुणालाही जमतं, त्याला अर्ज लागत नाही. दुसऱ्याला सवड लागते, झेरॉक्सपुरते सुटे पैसे लागतात, चालू मोबाईल लागतो आणि मुख्य म्हणजे आजोबा लागतात, तेही वेळेत शाळेत गेलेले. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी गरिबीच्या नादी लागू नये. बाकीच्यांनी तयारीला लागावं.

आधी किती गरीब व्हायचं ते ठरवा, कारण खिडकीगणिक माप बदलतं. पिवळं रेशनकार्ड हवं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५,००० च्या आत. तिरंगी कार्डं १९९९ साली आली तेव्हाचा हा आकडा. तेव्हापासून तेलापासून तिकिटापर्यंत सगळं महागलं, गरिबीचा भाव तेवढा सरकारने वाढू दिला नाही. निराधार अनुदानाला २१,०००. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीला खेड्यात ४४,०००, शहरात ५९,०००. पोराला आर्थिक दुर्बल म्हणून खासगी शाळेत राखीव पंचवीस टक्के जागांतून घालायचं तर १ लाख. लाडकी बहीण व्हायचं तर अडीच लाख. आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं आरक्षण हवं तर ८ लाखांच्या आत. म्हणजे महिन्याला साठ हजार आणणारं घर दुर्बल आणि महिन्याला चार हजारांत भागवणारं खेड्यातलं घर स्वस्त धान्यासाठी जरा जास्तच सधन. यात विसंगती शोधू नका. दुर्बलतेलाही ऐपत लागते, एवढंच.

(नियोजन आयोगाने २०११ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलेला शहरात रोजचे ३२ आणि खेड्यात २६ रुपये हा दारिद्र्यरेषेचा आकडा अभ्यासातून वगळला तरी चालेल. त्यावर लोक इतके हसले की बाकीचे आकडे न हसता निसटले.)

संजय गांधी निराधार योजनेचं २१,००० चं गणित मात्र पक्कं करा, कारण इथे सरकारच तुमचा घात करू शकतं. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती आणि कायद्याची हमी तेव्हा वर्षाला १०० दिवसांची होती. त्या दराने शंभर दिवस खरोखर काम मिळालं तर हातात २९,७००. म्हणजे एका खात्याने शब्द पाळला की दुसऱ्या खात्यात तुमचं निराधारपण गेलं. तेव्हा ७० दिवस काम करा, २०,७९० होतात. ७१व्या दिवशी २१,०८७ होतात. त्या दिवशी आजारी पडा. घाबरू नका, शंभर दिवस पुरे भरण्याची वेळ फार थोड्या घरांवर येते.

हे जमत नसेल तर तलाठ्याकडे जा. मोलमजुरी करणाऱ्या बाईचं उत्पन्न दाखल्यावर नेमकं २१,००० कसं उतरतं, हे त्याला विचारू नका. एवढ्यात घर चालत नाही हे त्याला ठाऊक आहे, तहसीलदारांना ठाऊक आहे, तुम्हाला तर आहेच. तिघांनी मिळून खोटं बोलल्याशिवाय खऱ्या गरिबाला महिन्याचे १,५०० मिळत नाहीत. फक्त एक लक्षात असू द्या. स्वयंघोषणापत्रावर सही किंवा अंगठा एकट्या तुमचा असतो. उद्या भाऊबंदकीतून कुणी तक्रार केली, तर खोटी माहिती दिल्याचं कलम त्याच कागदावर छापलेलं आहे. तिघांतल्या बाकीच्या दोघांची तोवर बदली झालेली असेल.

खेड्यातल्या उमेदवारांनी २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणाची प्रश्नावली पाठ करावी. जुनी म्हणून टाकून देऊ नका, काही अर्जांत त्या यादीतला क्रमांक अजून विचारतात. १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. शाळेच्या उलट, ज्याला कमी गुण तो पास. अंगावरचे कपडे माणशी दोनहून कमी असतील तर ०, दहा किंवा त्याहून जास्त असतील तर ४. सर्वेक्षक वस्तीत शिरला असं कळलं की दोरीवरचं धुणं आधी आत घ्या. जेवणाच्या प्रश्नात शून्य हवं असेल तर वर्षाचा बराचसा काळ दिवसातून एकदाही पोटभर मिळता कामा नये. वर्षभर रोज एक वेळ जेवलात की २ गुण पदरात पडलेच. कर्ज जरूर असावं, पण सावकाराचं, आणि तेही रोजच्या खाण्यासाठी काढलेलं. त्याला ०. बँकेची पायरी चढलात तर ३.

मुलांच्या प्रश्नात भलेभले घसरतात. ५ ते १४ वर्षांचं पोर शाळेत न जाता कामाला जात असेल तर ०. शाळेत जातं आणि काम करत नाही, असं असेल तर थेट ४. पोराला शाळेत घाला म्हणून ज्या सरकारने गावच्या भिंती रंगवल्या, त्याच सरकारचा माणूस त्याच भिंतीला टेकून तुमच्या नावापुढे चाराचा आकडा टाकणार. पोरीचं नाव घालण्याआधी भिंतीचं ऐकायचं की माणसाचं, ते घरात बसून ठरवा. मजुरीच्या प्रश्नात वेठबिगाराला शून्य आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, प्रश्नावलीत तिची चौकट मात्र २००२ सालीही शिल्लक होती. कायदा करणाऱ्यांपेक्षा चौकट आखणाऱ्यांना देश जास्त ठाऊक असावा. आणखी एक सापळा म्हणजे ‘मदत कोणती हवी?’ हा प्रश्न. मजुरीचं काम किंवा रेशन म्हणा, ०. घर म्हणालात की ३. गळक्या छपराखाली उभं करून विचारलं तरी वर बघू नका.

आता कागद. आधारवर शकुंतला, रेशनकार्डावर शकुंतलाबाई आणि बँकेत शकुंतळा असेल तर या तीन बाया आहेत, आणि तिघींपैकी एकीलाही पैसे मिळत नाहीत. जन्मतारीख १ जानेवारी असेल तर काळजी नको, तुमच्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. पण वर्ष बघून ठेवा. म्हातारपणाच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतनाला ६५ लागतात, आणि आधारच्या शिबिरात ऑपरेटरने अंदाजाने टाकलेलं वर्ष तुमच्या गुडघ्यांपेक्षा प्रमाण मानलं जातं. दाखला मुदतीत मिळावा म्हणून २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत अर्ज परिपूर्ण झाल्यापासून मोजतात, आणि अर्ज कधी परिपूर्ण झाला हे मुदत पाळायची असलेला माणूसच ठरवतो. प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तहसीलच्या आवाराबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्याला हे सांगून बघा, तो प्रेमाने ऐकून घेईल आणि स्टॅम्प पेपर पुढे सरकवेल. प्रत्येक खेपेला एक खाडा पडतो. चार खेपांत महिन्याच्या अनुदानाचा मोठा तुकडा आगाऊ खर्च होतो. याला काही जण लाभार्थीचा वाटा म्हणतात.

बोटं जपा. खडी, विटा, ऊस, भांडी, चुना यांपैकी कशातही हात घातला की ठसे पुसट होतात आणि रेशन दुकानातलं मशीन लाल दिवा दाखवतं. दारिद्र्यरेषेखाली राहायचं तर बोटांवरच्या रेषा शाबूत हव्यात, आणि त्या ज्यांच्या शाबूत राहतात ते सहसा रेशनच्या रांगेत नसतात. अंगठा नाही लागला तर दुसरं बोट, बोट धुऊन, बोट डोक्यावर घासून तेल लावून, मग ओटीपी. ओटीपी ज्या नंबरवर जातो ते सिम पोरगा ऊसतोडीला घेऊन गेलेला असतो.

भटक्या-विमुक्तांपैकी असाल तर इथे थोडं थांबा, तुमचा अभ्यासक्रम वेगळा आहे. जातीच्या दाखल्याला तुमचं कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रातलं असल्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीची) नक्कल, असं काही. आजोबा पालात जन्मले आणि पाल उचलून पुढच्या गावी गेले, ही सबब चालत नाही. सरकारदरबारी त्यांची नोंद नव्हती असंही नाही. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली हजेरीपटावर नावं होती आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड रोज हजेरीही होती. तो कायदा देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. तिथून १९६१ पर्यंत चांगली सव्वानऊ वर्षं मिळाली होती. तेवढ्यात आजोबांनी जागा घेऊन, घर बांधून, शाळेत नाव घालून, उतारा लॅमिनेट करून ठेवायला हवा होता. अगदीच कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला देण्याची सोय आहे. गृह तुमचं तुम्ही आणायचं.

इतकं सगळं जमवून पात्र झालात की इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, आडवा येतो. अन्नसुरक्षेत महाराष्ट्रातल्या साधारण ७ कोटी माणसांना जागा आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवरून मोजलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे २०११ नंतर जन्मलेल्या पोरांनी त्या सालच्या लोकांमध्ये सरकून बसायचं. तहसीलच्या पुरवठा शाखेत ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं ऐकलं तर भांडू नका, नाव नोंदवून घरी या आणि वाट बघा. मधूनमधून अपात्र शिधापत्रिकांची शोधमोहीम निघते. पात्रांना शोधायची मोहीम निघत नाही. तिचीही वाट बघायची असेल तर आधी जास्त जेवून घ्या. जागा मुख्यतः दोन प्रकारे रिकामी होते. कुणाचं तरी उत्पन्न वाढतं, किंवा कुणीतरी वारतं. पहिल्याच्या भरवशावर राहू नका. ग्रामपंचायतीत मयत नोंदींचं रजिस्टर कोण लिहितं, त्याच्याशी ओळख ठेवा.

आणि यादीत शिरलात, तर तुमच्या जागेवर डोळा ठेवून कुणीतरी ओळख वाढवत असणार हेही धरून चाला. म्हणून ई-केवायसी, म्हणजे आधारशी ओळख पटवणं, चुकवू नका. चेहरा दाखवून ओळख पटवायला चांगला मोबाईल नसेल, तर घरातल्या प्रत्येकाने दुकानात स्वतः जायचं, अंथरुणावरच्या आजीनेसुद्धा. आजी आली, हे दुकानदाराने आणि रांगेतल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं तरी ते धरत नाहीत. अंगठा उमटला तर आजी आहे.