सगळा भार एका सीईटीवर नको

बारावीच्या गुणांना इंजिनीअरिंग प्रवेशात पुन्हा वजन द्या, ही एका लेखातली मागणी मला पटते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आज राज्यात बारावीला पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) खुल्या गटाला ४५ टक्के मिळाले की काम भागतं, पुढची गुणवत्ता यादी सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर लागते. मग मुलं वर्गात कशाला येतील? नाव आमच्याकडे, दिवसभर क्लासमध्ये. प्रॅक्टिकलला येतात तेव्हा ब्युरेटचं (द्रव मोजायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग कुठून घ्यायचं हेही विचारावं लागतं, आणि तीच मुलं मोल कन्सेप्टचं गणित चुटकीसरशी सोडवतात! हुशारी आहेच, पण हाताला सवय नाही.

तरीही सीईटी काढून टाका असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात बसत नाहीत, आणि प्रॅक्टिकलचे गुण कसे सढळ हाताने दिले जातात ते आम्हाला ठाऊक आहे. तालुक्याच्या मुलाला पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामांकित इंजिनीअरिंग कॉलेजचं दार याच परीक्षेने उघडतं. (क्लासची फी परवडली तर, हेही खरंच.)

२०१४ आणि २०१५ मध्ये राज्याने जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचे आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरले होते. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. निम्मं नको, पण लेखी परीक्षेचे गुण तीस टक्के तरी धरावेत. प्रॅक्टिकलचे मात्र बाहेरचा परीक्षक खरोखर समोर उभा राहून तपासणार असेल तरच.