‘आतला शेक’ आणि एमआरआय: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी फिरणाऱ्या एका संदेशात तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. बाहेरून दिले जाणारे रेडिएशन आता इतके अचूक झाले आहे की आतून रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी किंवा बोलीभाषेतला ‘आतला शेक’, घेण्याची गरज उरलेली नाही. पूर्वी हेच उपचार साध्या एक्स-रेवर होत असल्यामुळे एमआरआय आणि सीटी हा बिल फुगवण्याचा प्रकार आहे. आणि आतला शेक घेतलेली बाई घरातल्या लहान मुलांना धोकादायक असते.

पहिला दावा भौतिकशास्त्रापुढेच टिकत नाही. किरणस्रोत गाठीतच ठेवला की त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे एका सेंटीमीटरवर जेवढी असते त्याच्या साधारण चौथा भाग दोन सेंटीमीटरवर उरतो. त्यामुळे गाठीला मोठी मात्रा देऊनही मूत्राशय आणि गुदाशय बऱ्याच अंशी वाचवता येतात. बाहेरून येणाऱ्या झोताला मात्र वाटेतल्या अवयवांमधून जावेच लागते, शिवाय मूत्राशय भरले-रिकामे झाले की गर्भाशय जागचे हलते. अमेरिकेतल्या कर्करोग-नोंदींनुसार 1988 मध्ये 83 टक्के रुग्णांना मिळणारी ब्रेकीथेरपी 2009 पर्यंत 58 टक्क्यांवर आली होती. त्याच नोंदींत एकमेकींशी जुळणाऱ्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा चार वर्षांनी या कर्करोगाने मृत्यू न आलेल्यांचे प्रमाण ब्रेकीथेरपी घेतलेल्यांत 64.3 टक्के, तर न घेतलेल्यांत 51.5 टक्के निघाले.

दुसरा दावा अधिक फसवा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. एक्स-रेवर उपचार होत होते आणि त्यांनी असंख्य स्त्रिया बऱ्या झाल्या, हे खरेच. त्या पद्धतीत मात्रा मोजली जाई ती 1938 मध्ये मँचेस्टरमध्ये ठरलेल्या ‘ए’ बिंदूवर, जो ढोबळमानाने गर्भाशयमुखापासून दोन सेंटीमीटर वर आणि दोन सेंटीमीटर बाजूला धरला जातो. गाठ लिंबाएवढी असो वा डाव्या बाजूला पसरलेली असो, बिंदू तोच! एक्स-रेवर स्रोत आत नेणारी धातूची नळी दिसते, मूत्राशयात घातलेल्या लघवीच्या नळीचा फुगा दिसतो, पण गाठ दिसत नाही. एमआरआयमध्ये ती दिसते. डॉक्टर एमआरआयच्या प्रत्येक छेदचित्रावर उरलेली गाठ आणि गर्भाशयमुख रेखाटतात, मूत्राशय, गुदाशय व आतडे वेगळे आखतात, आणि मग स्रोत कोणत्या जागी किती सेकंद थांबवायचा हे ठरते. नळीच्या टप्प्याबाहेर गाठ असेल तर त्या बाजूला सुया घालता येतात. बाहेरचे रेडिएशन धरून गाठ आणि गर्भाशयमुख मिळून आखलेल्या भागाच्या 90 टक्के हिश्शाला किमान 85 ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) मिळावेत आणि गुदाशयाच्या सर्वाधिक मात्रा पडणाऱ्या 2 घनसेंटीमीटरला 75 ग्रेच्या वर जाऊ नये, हे गणित चित्राशिवाय मांडताच येत नाही.

याचा फरक रुग्णाच्या शरीरात दिसतो. फ्रान्समधील एका तुलनात्मक अभ्यासात, केमोथेरपी आणि बाहेरचे रेडिएशन एकत्र घेऊन मग ब्रेकीथेरपी घेतलेल्यांत, गंभीर दुष्परिणाम एक्स-रेच्या जुन्या पद्धतीत 22.7 टक्के, तर सीटी किंवा एमआरआयवरच्या त्रिमितीय पद्धतीत 2.6 टक्के होते. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हे इथे नमूद करायला हवे. मुंबईचे टाटा मेमोरियल ज्यात सहभागी होते त्या एमआरआयवर आधारित ब्रेकीथेरपीच्या ‘एम्ब्रेस’ अभ्यासात, 1,341 रुग्णांमध्ये, पाच वर्षांनी गाठीवरील स्थानिक नियंत्रण, म्हणजे मूळ जागी गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण, 92 टक्के होते.

खर्चाचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. पण प्रत्येक वेळी एमआरआय लागतोच असे कोणी म्हणत नाही; पहिल्या वेळी एमआरआय आणि पुढे सीटी, किंवा केवळ सीटी, आणि नळी गर्भाशयाच्या भिंतीतून आरपार तर गेली नाही ना हे पाहायला सोनोग्राफी, असे मार्ग उपलब्ध आहेत. जिथे फक्त एक्स-रे आहे तिथेही ब्रेकीथेरपी टाळण्यापेक्षा किंवा एमआरआयची वाट पाहत लांबवण्यापेक्षा ती घेणे हिताचे, कारण संपूर्ण उपचार आठ आठवड्यांच्या आत आटोपावे लागतात.

तिसऱ्या दाव्याला फार जागा देण्याचे कारण नाही. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत इरिडियम-192 किंवा कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूचा तांदळाच्या दाण्याहून बारीक स्रोत तारेच्या टोकावर काही मिनिटे आत जातो आणि यंत्रातल्या तिजोरीत परततो, शरीरात काहीही उरत नाही. पूर्वी मंद स्रोत तासन्‌तास, कधी दिवसभराहून अधिक आत ठेवून रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे लागे. संदेशातली भीती बहुधा त्या काळातली आहे.