१२ बोअर, एनआरआर २२ आणि डाव्या कानातली शिटी: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून घेतलेले एनआरआर २२ चे (एनआरआर म्हणजे आवाज किती डेसिबल कमी होतो त्याचा खोक्यावरचा आकडा) इलेक्ट्रॉनिक इअरमफ घालून ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या चकत्यांवर शॉटगनने नेम धरायच्या खेळाच्या, तीन फेऱ्या मारल्या आणि रात्रभर डाव्या कानात शिटी वाजत राहिली. शॉट झाला की आवाज क्षणभर गायब होतो, वाऱ्यात नुसती खरखर येते, सेल दोन आठवड्यांत संपले, थोडक्यात सर्किट बोगस आहे.

आधी कानाचं. शिटी अजून येत असेल किंवा ऐकायला थोडंही कमी येत असेल, तर थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या आणि तोवर रेंजवर जाऊ नका. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत.

आता कारण. इलेक्ट्रॉनिक मफमध्ये कान वाचवतो तो कप आणि त्याचं कुशन. सर्किट फक्त बाहेरच्या माइकमधला आवाज आत आणतं आणि साधारण ८२ ते ८५ डेसिबलच्या वर तो जाऊ देत नाही. सेल काढून टाकले तरी कपाचं संरक्षण तेवढंच राहतं. त्यामुळे स्फोटाचा आवाज तुमच्या कानात पोचला तो सर्किटमधून नाही, फटीतून.

ती फट तुम्ही टाकलेल्या फोटोतच दिसते. चष्म्याची जाड, चपटी काडी कुशनखालून गेली आहे आणि तिच्या वर-खाली दोन बारीक त्रिकोणी पोकळ्या राहिल्या आहेत. वर टोपीची कडाही कुशनखाली अडकली आहे. शिटी डाव्याच कानात का, तर उजव्या खांद्यावरून बंदूक चालवताना मान वळते, डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजव्याला डोक्याची आड मिळते.

घरी तपासायचं असेल तर पंखा पूर्ण वेगात लावा, चष्मा आणि टोपी घालून मफ चढवा, स्विच बंद ठेवा. मग दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबा. दाबल्यावर पंख्याचा आवाज स्पष्ट कमी झाला, तर न दाबता सील बसत नाही असं समजा. हीच तपासणी बंदुकीला गाल लावायच्या पोझमध्येही करा, कारण स्टॉक (बंदुकीचा दस्ता) कपाला खालून ढकलतो.

दुसरं, आणि ही चूक आमची: १२ बोअरच्या शॉटगनला एनआरआर २२ चा मफ एकटा पुरत नाही, हे विकताना सांगायला हवं होतं. १२ बोअरचा पीक (क्षणभराचा सर्वोच्च) आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. मोठ्यांच्या कानासाठी १४० ही पीकची मर्यादा धरतात. खोक्यावरचे २२ प्रयोगशाळेतले असतात. कारखान्यातल्या आवाजासाठी अमेरिकेची कामगार-सुरक्षा संस्था ओशा त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरा म्हणते, म्हणजे साडेसात. बंदुकीच्या आवाजाला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, पण खोक्यावरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. युरोपियन खोक्यावरचा एसएनआर हा असाच आकडा, पण वेगळ्या पद्धतीचा आणि बहुधा मोठा असतो. त्याची एनआरआरशी तुलना करू नका.

म्हणून शॉटगनसाठी मफच्या आत फोमचे प्लग घालाच. प्लग बोटांत वळून सळईसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद धरून ठेवा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग घातल्यात जमा नाही. दोन्हीची बेरीज होत नाही. जास्त एनआरआर असलेल्यापेक्षा साधारण ५ डेसिबलच वाढतात, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडातून जातो. पण १२ बोअरला ते ५ लागतातच. प्लगवर इलेक्ट्रॉनिक मफ चढवून आवाज वाढवला की रेफरीची हाकही ऐकू येते.

आवाज गायब होणं हा बिघाड नाही. तुमच्या मॉडेलचं सर्किट शॉटनंतर माइक काही क्षण पूर्ण तोडतं. महाग मॉडेल आवाज तोडत नाहीत, दाबतात, म्हणून शेजारच्याचं बोलणं सलग ऐकू येतं. बंदिस्त रेंजवर हा फरक फारच जाणवतो, कारण प्रतिध्वनीमुळे सर्किट माइक पुन्हा पुन्हा तोडतं. खरखरीवर माइकला फोमची टोपी हा उपाय आहे. अमेरिकेतले शिकारी पानांची सळसळ ऐकायला जास्त अँप्लिफिकेशन मागतात. आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे आणि ट्रॅपच्या रेंजवर तेवढी वाढ म्हणजे वाऱ्याची खरखर. निम्म्यावर ठेवा.

सेलचं बहुधा असं झालं असावं की किट बॅगेत नॉब फिरून मफ चालू राहिला. ठेवताना सेल काढून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. अल्कलाइन सेल पाझरले की संपर्कपट्ट्यांवर गंज चढतो.

आणखी एक: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत आवाज वाढवणारे किंवा ग्रहण करणारे मफ स्पर्धकाला चालत नाहीत. सरावात वापरा, मॅचला साधा मफ आणि प्लग.

मफ, चष्मा आणि टोपी तिन्ही घेऊन दुकानात या. तुमच्या मॉडेलला बसणारी जेल कुशन मोफत बसवून देतो. काडीभोवती ती फोमपेक्षा बरीच चांगली दबतात. त्यावरही पंख्याच्या तपासणीत फट राहिली तर मफ परत घेऊन पूर्ण पैसे देऊ. आजपासून शॉटगनसाठी मफ घेणाऱ्या प्रत्येकाचा चष्मा पाहूनच मॉडेल देतो आहोत.