शनिवारचा पगार

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. आजारातून बरा झालेला उठतो, नोकरी लागलेली मुलगी उठते, प्रभूने काय केलं ते सांगतात. मीही तीन-चारदा उठलोय. पण यंदा उन्हाळ्यात घडलेली एक गोष्ट मी तिथे सांगू शकलो नाही, ती इथे लिहितो.

मी मिरजेत बांधकामाची छोटी कामं घेतो. दोन गवंडी, पाच-सहा बिगारी. शनिवारी संध्याकाळी हजेरी बघून पगार. एका घरमालकाने माझं बिल अडकवलं आणि मी माणसांना म्हणालो, "सोमवारी बघू." पैसे नव्हते असं नाही. मुलाच्या फीचे बाजूला काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी अर्पणाची थैली आली तेव्हा मी पाचशेची नोट टाकली. आमच्याकडच्या बिगारी बाईचा रोज जवळपास तेवढाच. थैली पुढे गेली, आणि पुढची प्रार्थना मला ऐकूच आली नाही.

बायबलमधलं लेवीय १९:१३ लहानपणापासून माहीत आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवायची नाही. बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. आणि मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी समेट न करताच नोट टाकली होती.

उपासना सुटल्यावर फीचे पैसे घेऊन सगळ्यांच्या घरी गेलो. त्या बिगारी मावशी एक शब्द लागेल असं बोलल्या नाहीत. "दादा, चर्चमधनं आलाय न्हवं, बसा, च्या टाकते." इतक्यात त्यांची नात साखरेची पुडी घेऊन मागच्या दाराने आली. दुकानदाराने वहीत मांडून दिलेली. तो चहा मी प्यायलो.

कुणी म्हणेल, तारण कृपेने होतं, कर्माने नाही. मान्य. मीही त्याच कृपेवर जगतो. पण जक्कय या जकातदाराच्या घरी प्रभू गेला, तेव्हा जक्कयाच्या तोंडून आधी हिशेबच निघाला: अर्धं गोरगरिबांना, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. कृपा घरात आली आणि पहिल्यांदा त्याची तिजोरी उघडली.

आपल्या भागाला हे नवीन नाही. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. माझी आजी तिथे आया होती. तिला वाचता येत नव्हतं. पण रात्रपाळीत पेशंटचं भांडं धुताना तो कोण, कुठल्या जातीचा, हे तिने कधी विचारलं नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ख्रिस्ताच्या अनुयायांचा 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठी. ख्रिस्ताच्या मागे जाणारा माणूस चर्चच्या रजिस्टरबाहेरही ओळखू यावा, असं मला त्यातून कळतं.

साक्षीदार म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो. माझा विश्वास रोज पाहतात ती सिमेंट कालवणारी माणसं. माझी साक्ष त्यांच्याकडे आहे, आणि त्या शनिवारी ती माझ्या विरुद्ध गेली असती.

आता पगाराचे पैसे वेगळ्या डब्यात असतात, कुठल्याही कारणाने त्याला हात लावायचा नाही असं बायकोने आणि मी ठरवलंय. फी उशिरा भरली, दंड बसला. घरमालकाकडे अजून निम्मं बिल बाकी आहे. गेल्या शनिवारी पाऊस होता, काम अर्ध्यावर थांबलं, तरी सहा वाजता सगळ्यांचे पैसे हातात होते.