‘थोडं वाचत जा’ म्हणणाऱ्या मडगावच्या वाचकास

नमस्कार. दोन आकडी वर्षांवरच्या, म्हणजे 1999 ऐवजी नुसतं 99 लिहिण्यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया पोचली. तारखांच्या घोळात डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचाही (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) हात होता, असं मी त्यात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑपरेटिंग सिस्टिम वर्ष दोन आकड्यांत ठेवतच नाही, घोळ सगळा बायोसचा (संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या, चिपमधल्या प्रोग्रामचा) आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा, 2038 साली काही संगणकांची सेकंदांची मोजणी संपते ती वेळ मी चुकीची दिली, आणि मोजणीला 64 बिटांची मोठी जागा मिळाल्यामुळे तो प्रश्नही मिटल्यात जमा आहे. शेवटी, ‘लिहिण्याआधी थोडं वाचत जा.’

चूक आधी कबूल करतो. 32 बिटांच्या जागेत 1970 पासून मोजलेले सेकंद 19 जानेवारी 2038 ला संपतात ते मध्यरात्री नव्हे, आपल्याकडच्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी. दाखवून दिलंत, देव बरें करूं.

आता ते ‘थोडं वाचत जा’. मुद्दा खोडा, हरकत नाही, पण हे शेवटचं वाक्य लिहायची काय गरज होती? मी डिचोलीचा. 1999 साली म्हापशातल्या एका पतसंस्थेत संगणक सांभाळायचो, म्हणजे यूपीएसच्या बॅटरीपासून प्रिंटरच्या रिबनपर्यंत सगळं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मॅनेजरसाहेबांच्या देखत एका जुन्या 486 चं (त्या काळच्या संगणकाचं) घड्याळ 31 डिसेंबर 1999, रात्री 11.58 वर लावलं, यंत्र बंद केलं, चहा घेतला आणि परत चालू केलं. पडद्यावर आलं, ‘फ्राय 01-04-1980’. (मासळी नव्हे, शुक्रवार.) साहेब म्हणाले, ‘‘एक एप्रिल? आमकां एप्रिल फूल करता?’’ तारीख अमेरिकन पद्धतीची, महिना आधी. म्हणजे 4 जानेवारी 1980. त्या तारखेला आमच्या एकाही ठेवीदाराने ठेव ठेवलेली नव्हती.

झालं होतं असं. घड्याळाच्या चिपमध्ये वर्षाचे दोनच आकडे. 99 चे 00 झाले, पण शतकाचा 19 वेगळ्या जागी नोंदलेला, त्याला कुणी हात लावला नाही. बायोसने 1900 सांगितलं. इथवर तुमचं बरोबर. पण डॉसचं जग 1980 ला सुरू होतं. 1900 पचेना, तेव्हा ‘तारीख पटत नाही’ म्हणून थांबायचं सोडून तिने 4 जानेवारी 1980 ठोकून दिली. बायोस खोटं बोलला असेल, त्यावर सही कुणाची? गंमत म्हणजे यंत्र रात्रभर चालू ठेवलं तर तीच डॉस 2000 बिनचूक दाखवायची, कारण चालू असताना दिवस ती स्वतः मोजते. घोळ व्हायचा तो पुन्हा चालू करताना. हे वाचून नाही, चार वेळा बटण दाबून कळलं. तुम्ही तेव्हा कितवीत होता? असो, हे विचारायला नको होतं.

आणि ‘ठेवतच नाही’ हे उत्तर कशाचं? ठेवण्याबद्दल मी बोलतच नव्हतो. दोन आकड्यांचा अर्थ कोण लावतं? विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये दोन आकडी वर्ष कुठल्या शंभर वर्षांत धरायचं, त्याचा एक रकाना असतो. माझ्या जुन्या संगणकावर तिथे 1930 ते 2029 होतं. काही वर्षांपूर्वी गावातल्या ज्येष्ठांची यादी एक्सेलमध्ये भरताना आईची जन्मतारीख 12/3/28 अशी टाकली, ती 2028 झाली. आईचा जन्म व्हायचा होता, आणि ती आतून जेवायला हाक मारत होती. एक्सेलने हे मनाने केलं नाही, विंडोजच्या त्या रकान्याला विचारून केलं. तिकडे लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर 69 म्हणजे 1969 आणि 68 म्हणजे 2068. तेव्हा नुसतं 50 लिहिलं तर इथे 1950, तिथे 2050. हे काम लायब्ररीचं (प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडचं), सिस्टिमचं नव्हे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

64 बिटचं म्हणाल तर त्यावर वाद घालायला आज वेळ नाही.

मूळ लेखात ‘मध्यरात्र’ खोडून ‘सकाळी 8.44’ केलं आहे. डॉसबद्दलचं वाक्य होतं तसंच ठेवलं आहे.